पांढरी एकच्या किंचित खाली

मगदूम मॅडमनी नादकाटा तळहातावर आपटला
आणि त्याचा देठ माझ्या उजव्या अंगठ्यावर टेकवला.
"दस्तगीरभाई, थरथर थांबली की सांगा."

पांढरी एकच्या किंचित खाली, मी म्हटलं.
"काय?"
तुमचा हा काटा. पांढरी एकला पोचत नाही.
मॅडम हसल्या. "कानानं नको. पायानं सांगा."

पायानं सांगायचं तर आधी पायाला कळायला हवं.
गुडघ्याशी कळलं. घोट्याशी, हो, असेल.
अंगठ्याशी नुसतं गार लोखंड,
आणि तेही मी बहुतेक डोळ्यांनीच ओळखलेलं.

एकोणचाळीस वर्षं मिरजेत तंबोरे करतोय,
दांडी पावलांच्या बेचक्यात धरून, अनवाणी.
पाय म्हणजे माझा तिसरा हात.
परवा टाचेत पटाशी घुसली,
मी जवारी घासत बसलेलो.
तौफिक ओरडला, आजोबा, भुसा लाल झाला!
मी आधी रंगाचा डबा बघितला, सांडला का म्हणून.

"बारा वर्षांची साखर आहे," मॅडम म्हणाल्या,
"लांबच्या नसा आधी झिजतात. तार गंजते तसं समजा."
तार बदलता येते, मॅडम.
"ही नाही येत."
मग बराच वेळ दोघंही गप्प.
बाहेर नंबर पुकारत होते, अकरा, बारा.
"पण उरल्यात त्या जपता येतात," त्या म्हणाल्या,
आणि कागदावर लिहायला लागल्या.

दिवसा ज्याला पटाशी कळत नाही
त्याच पायाला रात्री चादरीचं ओझं होतं.
मुंग्या, मग सुया, मग कुणी तळव्याखाली
निखारे पसरून निघून गेल्यासारखं.
बधिर आहे तर दुखतं कसं? बिल्किस विचारते.
मला काय माहीत. तुटकी तारही झणझणते.
गोळीनं आग निवते थोडी.
गेलेलं परत आणणारी गोळी अजून निघाली नाही.

आता कारखान्यात बूट. आत हात फिरवून मगच पाय घालायचा,
एकदा खिळा निघाला, एकदा तौफिकची गोटी.
पाण्यात आधी कोपर.
चहा बिनसाखरेचा, आणि गिऱ्हाईक पेढे आणतं
ते बिल्किस माझ्या देखत दुसऱ्याला देऊन टाकते.
रात्री ती आरसा धरते तळव्याखाली,
चष्मा लावून, गहू निवडावेत तसं बघते.

काल नवा तंबोरा लावला. खर्ज छेडून
भोपळ्याला नडगी टेकवली, हळूहळू खाली सरकवत नेली.
जिथं थरथर कळेनाशी झाली
तिथं पेन्सिलीनं रेघ मारली, दांडीवर मारतो तशी.
तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.
खाली नाही आली तरी चालेल,
वर चढू नये एवढंच.

बिल्किस पाय धुते, बोटांच्या बेचक्यातलं पाणी टिपते
आणि वर पुसत जाताना
रेघेपाशी फडकं उचलते.