टोकन नंबर एकोणीस

सोहार बंदरातली रात्रपाळी सहाला सुटली.
क्रेनच्या केबिनमधून उतरलो तेव्हा
पाय अजून चाळीस मीटर वरच होते.
अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, दोन कप कोरा चहा,
आणि किराण्याच्या पावतीमागे लिहिलेले सात प्रश्न,
सुनेत्राने इस्पितळातून फोनवर सांगितलेले,
ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी उभं राहून.
"आणि गुणांवरच अडून बसू नका,"
हे तिने शेवटी सांगितलं; ते मी लिहिलं नाही.

शनिवार, सकाळचे आठ. शाळेच्या आवारात
ऊन आमच्या आधी येऊन बसलेलं.
पुढे एक तेलुगू कुटुंब, आजी-आजोबांसकट,
मागे एक गृहस्थ, फाईल छातीशी धरून,
व्हिसाच्या खिडकीशी उभे असल्यासारखे.
रांगेची आम्हा सगळ्यांना सवय आहे इथे.
पलीकडचा माणूस काय म्हणेल,
ही धाकधूक मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही.

लिसी टीचर. कोट्टयमच्या. कपाळावर एक पांढरी बट.
'प्रत्येकी दहा मिनिटे' असं दारावर चिकटवलेलं.
मी पावतीची घडी उलगडली.
गणितात अर्धा गुण कुठे गेला?
त्यांनी पेपर समोर ठेवला :
उत्तर बरोबर, पुढे 'लिटर' लिहायचं राहिलेलं.
मग हस्ताक्षर. मग हिंदीची वही.
चौथा प्रश्न मी अर्धाच वाचला असेन,
चष्मा काढून त्यांनी आपल्या मल्याळी हिंदीत विचारलं,
घरी कुणी आजारी आहे का?

नाही. का हो?

शाल्मली वर्गात कुजबुजते.
उत्तर येत असतं तिला, पण ऐकायला
मला तिच्या बाकापर्यंत जावं लागतं.
खुर्ची ती ओढत नाही, उचलून ठेवते.
डबासुद्धा असा उघडते...
आणि त्यांनी दोन बोटांनी
हवेतलं एक झाकण अलगद सोडवलं.

ते झाकण मी ओळखलं.
आमच्या घरात दिवसा पडदे ओढलेले असतात.
कुकर माझ्या उठण्यापर्यंत थांबतो.
टीव्हीवरची माणसं नुसते ओठ हलवतात.
मी झोपलेला असतो.
"पोरगी शहाणी आहे हो, अज्जिबात आवाज नाही,"
कॅन्टीनमध्ये मीच सांगत आलोय, कौतुकाने.

उरलेली चार मिनिटं मी पावती बघितली नाही.
मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर असते?
रोशेल नावाच्या मुलीबरोबर, पाण्याच्या टाकीमागे.
हसते का?
हसते. तोंडावर हात धरून.
काय करू मी?
टीचर जरा थांबल्या. म्हणाल्या,
पाळी तुमच्या हातात नाही, मला कळतं.
पण ज्या दिवशी जागे असाल,
त्या दिवशी घरात काहीतरी पडू दे, फुटू दे.
तेवढ्यात वीस नंबर दारात येऊन खाकरला.

शाल्मली गाडीत मागे बसली. दार लावलं,
इतकं हळू की लागलंच नाही.
म्हटलं, आपट. तिने पुन्हा लावलं, तसंच.
किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी थांबवली,
चारी काचा खाली केल्या,
म्हटलं, ओरड बघू. काहीही. स्वतःचं नाव ओरड.

तिने समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग स्टिअरिंगमागच्या घड्याळाकडे.

"बाबा, साडेनऊ वाजले.
तुमची झोपायची वेळ झाली,"
म्हणाली,
मी आधीच झोपलेला असल्यासारखं.