काकपद

इद्वाल प्रॉसरचं कामाचं ठिकाण म्हणजे
वेल्समधल्या एका बंद चॅपलची मागची खोली.
प्रार्थनेच्या पुस्तकांच्या फडताळात आता
कटर, घासकागद, कान तुटलेले कप,
आणि खिडकीतून स्लेटच्या खाणीची राखाडी उतरण.

तेग्वेन आली ती फळी काखेत मारून.
ओकची. कडेला खिळ्यांचे काळे ओघळ,
ओकचं आणि लोखंडाचं जुनं वैर.
"घराच्या नावाची पाटी हवी," म्हणाली.
"टी पेल्हा."
टी म्हणजे घर. पेल्हा म्हणजे सगळ्यांत पल्याडचं.
"भोवती रोवनची पानं काढ.
फळं नकोत. फळं पाखरांनी खाल्ली समज."
किंमत विचारली नाही.

रात्री त्यानं पडद्यावर एक पान काढलं,
त्याचीच अकरा केली,
मग लाज वाटून प्रत्येकाचं टोक
जरा जरा वेगळं ओढलं.
अक्षरं घेतली रुंद, बुडाशी बसकी.
साठ अंशांचा कटर, सहा मिलिमीटर खोल,
पाणी थांबू नये इतका खोबणीला उतार.
पडद्यावरच्या खोट्या उजेडात खोटी फळी
कोरून झालीसुद्धा,
चहाचा घोट गिळायच्या आत.

सकाळी फळी चारी बाजूंनी आवळली.
कटरच्या टोकाखाली कागदाचा कपटा
सरकवत, सरकवत, सरकवत
शून्य शोधलं:
कागद अडतो पण फाटत नाही
ती जागा.

मग यंत्र किंचाळत निघालं.
त्याला वाचता येत नाही.
आधी सातवं पान, मग तिसरं,
पेल्हा आधी, टी शेवटी,
कारण ती वाट जवळची.
गाठीपाशी आवाज जाड झाला,
इद्वालचा हात लाल बटणाकडे गेला, थांबला,
गाठ पार झाली.
खोलीभर आंबूस वास,
भिजून वाळलेल्या चहापत्तीसारखा.

फुंकर मारली तेव्हा दिसलं.
वायच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

तिथे दोन तिरक्या रेघा असायला हव्यात,
वर टोकाशी भेटलेल्या.
त्यांच्या शाळांत पोरं त्याला छोटं छप्पर म्हणतात.
आपण तसलीच खूण
ओळीत राहून गेलेल्या शब्दासाठी करतो.
फॉन्ट घडवणाऱ्यानं ती घडवलीच नव्हती;
त्याच्या गावात तिच्यावाचून अडलं नसेल.
आणि इद्वाल?
त्यानं तीनदा तपासलं होतं.
खोली.

यंत्राला पुन्हा सांगता आलं असतं.
त्यानं पटाशी घेतली.
डावी रेघ नीट उतरली.
उजवीला लाकडाच्या रेषेनं ओढ घेतली
आणि ती घसरली, लांब, खालच्या अंगाला.
भुसा आणि गोंद कालवून बुजवावी,
म्हणून त्यानं वाटीही घेतली.
वाटी तशीच राहिली, गोंद धरून वाळली.

शनिवारी गाडी जिथवर जाते तिथवर गेला,
पुढे पायी.
तीन भिंती, चौथी कमरेपर्यंत.
चुलीच्या जागी खाजकुइलीसारखी अंगाला झोंबणारी झुडपं,
त्यांच्या पलीकडे एक मेंढी,
ती उठली नाही.
वर नुसतं आभाळ, ढग घाईत.
पाटी छातीशी धरून तो उभा.

खांबासाठी खड्डा तिनं आधीच खणला होता.
पाटी घेतली, वाचली नाही,
डोळे मिटून अंगठा खोबणीतून फिरवला,
पानापानावरून, मग अक्षरांवरून,
आणि वायच्या वर येऊन अडली.
"हे कललंय."

"हात घसरला," तो म्हणाला.
"दुसरी करून देतो."

"उजवीकडे ना?"
पुन्हा एकदा चाचपलं.
"बाप दर हिवाळ्यात म्हणायचा,
येत्या वर्षी सरळ करू."

मेंढीनं मान वळवली.
"स्क्रू आणलेस?" तेग्वेननं विचारलं.
"पितळी दे. लोखंडी नकोत."