बारा-चार

हाकोदातेचा धक्का, मे महिन्याची अखेर.
माकूळ बोटींचा हंगाम उघडायला तीन दिवस,
आणि तोकुझोच्या बोटीवरचं सात नंबरचं गळयंत्र
मनात येईल तेव्हा थांबतं.

मी ओरिए. बोटींच्या वायरी जोडते.
बापही हेच करायचा, पण तो काळी चिकटपट्टी गुंडाळायचा
आणि दर वर्षी तीच उकलायचा, शिव्या देत.
खाली तांबं हिरवं पडलेलं.

वायर सव्वाचार मिलिमीटर. तिच्या टोकाचा प्लग नऊ.
प्लग कापायचा नाही, नवा यायला आठवडा लागेल.
नळी त्याच्यावरून ओवायची आणि वायरीवर आवळायची,
म्हणजे आधी थोराला वाट द्यायची,
मग धाकट्याला मिठी.

दहाची घेतली. सुळकन गेली.
पण ती तापली की निम्मी होते: पाच.
सव्वाचारावर पाच म्हणजे थोरल्याचा सदरा.
खारं पाणी अशा फटीला पत्ता विचारत नाही.
आठची घ्यावी, तर प्लगच्या खांद्यालाच अडली.

खालच्या खणात, गंजक्या डब्यात, बाराची सापडली,
तिपटीनं आकसणारी, आतून गोंद असलेली.
बारा भागिले तीन, चार.
वायरीपेक्षा पाव मिलिमीटर कमी.
तेवढ्या पाव मिलिमीटरवर मी रात्री झोपते.

बोटभर जास्तच कापली, ती लांबीतही थोडी चोरते.
गरम वारा मधून कडांकडे.
कडेला गोंदाची ओळ आली,
पोराच्या ओठावर दूध राहावं तशी.

तोकुझो चहा घेऊन बघत उभा होता.
मग डावा हात पुढे केला.
अंगठी. आतून लाल दोरा गुंडाळलेला,
भिजून भिजून काळा.
"पूर्वी काढायला साबण लागायचा.
आता तोंड धुताना बेसिनमध्ये पडते.
याला बसेल का तुझी एखादी?"

मी कॅलिपर लावला, सवयीनं.
पट्टी दोन मिलिमीटर. तीनची नळी होती,
पिवळी सुद्धा होती.
पण चढवायची कुठून?
अंगठीला टोक नसतं.

हे मला कळायला हवं. कितीदा झालंय,
डाख देऊन सांधा पक्का केला, फुंकर मारली,
आणि नळी टेबलावर तशीच,
ओवायची राहिलेली.

"आधी ओवायला हवी होती," मी म्हणाले.
"आधी म्हणजे केव्हा?"
"सोनार ती वाकवत होता तेव्हा."
"अडुसष्ट साली," तो म्हणाला.
"तेव्हा घट्ट होती."

सातवं यंत्र सुरू केलं. फिरलं.
पाच मिनिटं दोघं नुसते त्याच्याकडे बघत राहिलो.
फिरतच होतं.

पैसे देताना त्यानं दोरा मागितला.
लाल नव्हता माझ्याकडे.
पांढरा दिला, मेण लावलेला,
वायरींच्या जुड्या बांधायचा.