सात वेढे

अलोरच्या या किनाऱ्यावर तिला हिउ तिकुस म्हणतात,
उंदीर-मुशी. अंगाएवढंच लांब शेपूट, म्हणून.
बाबांनी तीस वर्षं तिला ओळखलं
ते दोरीच्या वरच्या टोकाकडून:
तर्जनीला एक हिसका,
मग तास-दीड तासाची ओढाताण,
मग होडीच्या तळाशी
विझत जाणारा एक डोळा, बशीएवढा.

आता मी सिलिंडर भरते.
कंप्रेसरच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही,
आई मागावरून हातानंच विचारते, जेवलीस का?
पाहुणे पहाटे पाण्यात उतरतात
आणि बाबा वर बसून त्यांचे बुडबुडे मोजतात.
तुम्हीही एकदा खाली जा म्हटलं
तर म्हणतात,
"कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या घरी?"

मेलेली मुशी म्हणजे एकदाच दोन पोती तांदूळ,
जिवंत असली तर दर महिन्याला दोन,
असं कुपांगहून आलेल्या बाईंनी
फळ्यावर खडूनं मांडून दाखवलं.
गणित बरोबर होतं.
पण वारा फिरतो, पाहुणे येत नाहीत,
त्या महिन्यांत फळ्यावरचा तांदूळ शिजत नाही.
ओबेदकाका तेव्हा रात्री दिवा न लावता जातात.
कोणी विचारत नाही.
आम्हीही जेवलोय त्यांच्याकडे.

काल एका पाहुण्यानं
ओला फोन बनियनला पुसून बाबांपुढे धरला.
निळ्या अंधारातून ती आली,
बांगड्यांच्या थव्यापाशी क्षणभर थबकली
आणि डोक्यावरून शेपूट असं आणलं
जसा कोणी ओला पंचा झटकावा.
तीन बांगडे उलटे तरंगले. तिनं सावकाश गिळले.
"हे यासाठी असतं होय," बाबा म्हणाले,
"मी तर तेच आधी कापायचो.
होडीत मावत नाही म्हणून."

पुन्हा दाखव म्हणाले.
तिसऱ्यांदा त्यांनी काचेवर बोट ठेवलं.
जबड्याच्या कोपऱ्यात गळ.
गळाच्या दांड्यावर दोरा, विटका,
कधीकाळी लाल असावा. सात वेढे.

आमच्या गावात वेढ्यांवरून माणूस कळतो.
पाच म्हणजे ओबेद, नऊ म्हणजे वारलेला योनातान,
सात म्हणजे मेसाक.
आणि दोरा आईचा,
बारतोंडीच्या मुळीत रंगवलेला.
तो मागावरून नाहीसा झाला तेव्हा
बोलणी मी खाल्ली होती.

"काय म्हणतात ते?" पाहुण्यानं विचारलं.
दुभाषी मीच.
"सुंदर आहे म्हणतात," मी सांगितलं.

रात्री आईला सगळं सांगितलं.
तिचा धोटा थांबला नाही.
"रंग उडाला?"
"उडाला."
"पीळ?"
"आहे अजून."
बऱ्याच वेळानं, दोरा दातानं तोडत,
"खाता येतं ना तिला, तेवढं तोंडात असून?"

खाते, मी म्हटलं.
तीनदा पाहिलं.