फुटाला एक रुपया

सांगलीत डोंगर नाही.
उंची आम्हाला नदीने शिकवली:
आयर्विनला चाळीस फूट, सामान माळ्यावर,
पंचेचाळीसला दुकानं रिकामी,
त्यापुढे ज्याची त्याची गच्ची.
म्हणून कळसूबाई पाच हजार चारशे फूट
असं पत्रकात वाचलं
तेव्हा मला आधी पाणीच दिसलं.

फुटाला एक रुपया,
असे देणारे सदतीस जण माझ्या वहीत.
कर्णबधिर शाळेतल्या अठरा पोरांना
कानातली यंत्रं घ्यायची आहेत.
फॉर्म भरला. वय एकोणपन्नास, वजन शहाऐंशी,
व्यवसाय दिवाणजी, हळदीची अडत,
म्हणजे एकवीस वर्षं गादीवर मांडी घालून
दुसऱ्यांच्या पोत्यांचा हिशेब.
साखरेचा रकाना कोरा सोडला.

पहाटे साडेपाचला घाट.
कृष्णेच्या पायऱ्या, खाली-वर, खाली-वर,
पाठीवर धाकट्याचं जुनं दप्तर,
त्यात सात किलो हळकुंडं,
कारण दुसरं वजन आमच्याकडे नाही.
पहिल्या दिवशी चौथ्या फेरीला
छातीत कुणीतरी वीस किलोचं माप आपटलं.
बसलो.
एक कुत्रं येऊन शेजारी बसलं,
दोघंही जीभ बाहेर काढून नदीकडे बघत राहिलो.
भिंतीवर पुराची रेघ, डोक्याच्या कितीतरी वर.
पाणी तिथवर चढलं होतं
एक दिवसही सराव न करता.

घरी शर्ट काढला तर पाठ पिवळीधमक.
विजयमाला म्हणाली,
डोंगरावर चाललाय की बोहल्यावर?
आणि ताटातला भात निम्मा करून
हुलग्याचं माडगं समोर ठेवलं.

यार्डात ही बातमी बिरा वाघमोडेला कळली,
नऊ नंबर थप्पीच्या हमालाला.
माझं दप्तर त्याने एका बोटावर उचलून बघितलं.
हसला नाही.
"वजन खांद्यावं न्हाई, कंबरंवं घ्या, दिवाणजी.
चढताना बोलू नगा.
आन् वर किती ऱ्हायलंय ते बघू नगा."
मग मला फळीवर चालायला लावलं,
ट्रकला टेकवलेल्या त्या लवलवत्या फळीवर.
मी मध्यावर थांबलो. खाली बघितलं.
एकवीस वर्षं
मी तिच्यापासून दहा पावलांवर बसतो.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
फळीची चढण चार फूट,
सीझनला दिवसाची दोनशे पोती,
आठशे फूट.
पावणेसात दिवसांत एक कळसूबाई,
पाठीवर पन्नास किलो.
फेब्रुवारी ते मे.
पुढची बेरीज केली आणि पेन्सिलने खोडली.
खोडलेलं दिसतंच.

संध्याकाळी, तोंडावर पाणी मारता मारता, त्याने विचारलं,
"पोरास्नी ऐकू येतंय का मग?"
म्हटलं, थोडं येईल. सवयीने वाढेल.
"मग माजंबी लिवा.
फुटाचं मला कळत न्हाई. पोत्याला रुपाया.
तुमी चढशीला त्या दिशी मी उचलीन तेवडी पोती."
मी म्हणालो, चढाई रविवारी. रविवारी यार्ड बंद.
तो डोक्याचा टॉवेल झटकत
बराच वेळ उभा राहिला.
"मग शनवारची धरा."

अडतिसावं नाव.
रकमेच्या जागी नुसती रेघ,
सोमवारी भरायची.

आज बावीस फेऱ्या. वजन ब्याऐंशी.
नदी खाली, अकरा फुटांवर, कुणाच्या अध्यातमध्यात नाही.
कुत्रं आता बाराव्या पायरीपर्यंत येतं
आणि तिथून माझं खाली-वर मोजत बसतं.
डावा गुडघा अजून कुरकुरतो.
त्याला सांगितलंय,
चढताना बोलू नगा.