सामाईक भिंत

कुपवाड एमआयडीसीत, वजनकाट्यामागच्या गल्लीत
दोन शेड आणि मध्ये एक भिंत.
सकाळी दहा ते दीड मी मगदूमांकडे,
दोन ते सहा बिरनाळ्यांकडे.
जीएसटी, हजेरी, पगार, चहाचं बिल.
दोन्हीकडे माझी खुर्ची त्याच भिंतीला टेकलेली.
दुपारनंतर फक्त बाजू बदलते.

मगदूम तार ओढतात.
बिरनाळे तारेच्या स्प्रिंगा वळतात,
पण तार घ्यायचे बंदरावर उतरलेली,
किलोमागे अकरा रुपये स्वस्त.
मगदूमांना ठाऊक होतं.
गणपतीच्या आरतीला तरी दोघं शेजारीच उभे.

मग दिल्लीहून कागद आला :
परदेशी तारेवर आयात शुल्क.
मगदूमांनी पेढे वाटले, भिंतीपलीकडेही पाठवले.
बिरनाळ्यांनी एक खाल्ला.
"गोड आहे," म्हणाले, आणि बॉक्स माझ्याकडे सरकवला.

सकाळच्या वहीत नावं वाढत गेली.
तिसरी पाळी लागली.
जतचा सिद्राम, तासगावचे दोघे भाऊ,
आरगेचा एक पोरगा, जो सही करताना वही झाकून धरतो.
सिद्रामनं पहिल्या पगारातून आईला चष्मा केला.
तिचा मला फोन : "बाई, ह्यो कर कायमचा हाय न्हवं?"
मी म्हटलं, जेवलात का?

दुपारच्या वहीत वेगळंच चाललं होतं.
तार महागली, आता मगदूमांचीच घ्यावी लागे,
आणि मगदूमांनीही भाव नऊ रुपयांनी चढवला,
का चढवू नये?
तयार स्प्रिंगेवर मात्र शुल्क नव्हतं.
पुण्याच्या पंपवाल्यानं हिशेब मांडला
आणि वळलेली स्प्रिंगच बाहेरून मागवली,
शंभर-शंभरच्या पिशव्या, तेल लावून.
नमुना आमच्याकडे पाठवला, जमतंय का बघा या भावात.

मेहबूब शिकलगारनं एक उचलली,
अंगठ्यानं दाबली, सोडली. पुन्हा दाबली.
"माल चांगला हाय."
त्याच शनिवारी मी त्याचा हिशेब केला :
शेवटचा पगार गुणिले पंधरा गुणिले एकवीस वर्षं
भागिले सव्वीस.
पैसे मोजताना त्यानं मला विचारलं,
सव्वीसनं का भागतात?
रविवार काढून, म्हटलं.
"रविवारी बी येत होतो की."

पाच नावं खोडली.
त्यातले दोघं भिंतीला वळसा घालून मगदूमांकडे लागले.
म्हणजे तिकडे सात आले, इकडून पाच गेले.
कुणी विचारलंच तर मी सांगते, गल्लीत दोन माणसं वाढली.
आकडा बरोबर आहे. तीनदा तपासलाय.

वडील मिरजेच्या जकातनाक्यावर कारकून होते.
लहानपणी डबा द्यायला गेले की
दांडा वर-खाली करायला मिळायचा.
एकदा विचारलं, हा कशाला?
"बाहेरच्यांनी फुकट आत येऊ नये म्हणून."
रांगेत हळदीचा ट्रक उभा होता, इंजिन बंद करून.
नंबरप्लेट आपल्याच सांगलीची.
वडिलांनी तिकडे पाहिलं, पावती फाडली,
पुढं काही बोलले नाहीत.
आता त्या खोपटात उसाचा रस मिळतो.
दांडा तिथंच आहे, त्यावर फडकी वाळतात.

चहाचं बिल दोघांत निम्मं असायचं.
परवा बिरनाळे म्हणाले, आमचे कप कमी झालेत.
मगदूम म्हणाले, राहू दे, सगळं माझ्याकडं लिही.
लिहिलं. मग त्यांनी जरा थांबून विचारलं,
"या महिन्यात त्यांनी तार किती उचलली?"
सव्वा टन.
"आणि मागच्या?"
चार.
त्यांनी पेन उघडलं, बंद केलं.

दीड वाजता डबा उचलते, वळसा घालते, पस्तीस पावलं.
पलीकडे बसले की पाठीला भिंत थरथरते :
तिकडचं मशीन चालू आहे.
हल्ली मध्येच एक वेगळा ठोका येतो.
मेहबूब असता तर कान लावून सांगितला असता
बेअरिंग किती दिवस टिकेल ते.