ऊन हात

शाळेत आलेल्या पुस्तिकेत लाटा होत्या.
तांबडी-पिवळी टोपी घातलेला एक पोरगा
फळीवर पोट टेकून समुद्र कापत निघालेला.
दैवशालानं विचारलं, सर, असली लाट
आपल्या गंगेला कधी येते?
सर हसले नाहीत. पुस्तिका मिटली
आणि केरबाला दासू भोईकडं पाठवलं.

दासू भोई चपला वर्गाबाहेर काढून आला.
फळ्याकडं पाठ, आमच्याकडं अर्धंच तोंड.
म्हणाला, गंगेला लाट नसती.
गंगेला खड्डे असतेत.
वाळूवाल्यांनी रात्रीतून उपसलेले.
गुडघाभर पाण्यात चालता चालता
पुढचं पाऊल दोन पुरुष खोल.
मग स्वतःची नखं बघत बोलला,
वीस वर्षं झाली, गळ टाकून माणसं काढतोय.
ठाण्यातून निरोप येतो, तवा जातो.
काढली ती सगळी गार.
एक बी ऊन हात माझ्या हाताला लागला न्हाई.

त्या दिवशी आम्ही अकरा जणांनी नावं दिली.
नुसरतच्या अब्बांनी पंक्चरच्या दुकानातून
ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा दिल्या,
ठिगळं मोजून घ्या म्हणाले.
गोडेतेलाचे रिकामे कॅन घरोघर मागितले,
त्यांच्या कानांत दोरी ओवली.
रविवारी पहाटे, घाटाच्या खालच्या अंगाला,
ओढणी कमरेला आवळून
मी पहिल्यांदा पाण्यावर उताणी झाले.
कान बुडाले की गाव बंद होतं.
उरतो नुसता आपला श्वास,
सायकलच्या पंपासारखा.

दासूमामाचा नेम एकच:
आधी आवाज. मग कॅन. मग ट्यूब.
उडी सगळ्यात शेवटी,
अन् ती बी माझी, तुमची न्हाई.
बुडणारा माणूस नसतो, मिठी असतो.
हे त्यानं आमच्याकडून पाढ्यासारखं
घोकून घेतलं.

सोमवतीला पहाटे चारपासून जीपा,
पालमच्या, सोनपेठच्या, पार अहमदपूरकडच्या.
आमच्या गळ्यात शिट्ट्या,
अंगात खो-खोचे केशरी शर्ट, पाठीवर जुनेच नंबर.
दुपारपर्यंत आम्ही वाचवलं ते असं:
एक तांब्या,
दोन चपला, दोन्ही डाव्या,
एका आजीची कवळी, डबीसकट.
सोपान म्हणाला, आज कुणी बुडंना कसं?
आणि लगेच जीभ चावली.

मग बांबूंच्या पलीकडं एक डोकं.
मग केस.
मग नुसतं पाणी.
कुणी ओरडलं नाही. बुडणारा ओरडत नसतो,
हे आम्हाला माहीत होतं, घाटाला नव्हतं.
माझे पाय निघाले होते.
मी त्यांना धरलं. इतकं जड
कधीच काही धरलं नव्हतं मी.
शिट्टी. कॅन. माझा कॅन कमी पडला.
नुसरतचा हात चिंचा पाडणारा,
तिचा बरोबर गेला.
पाण्यातून दोन बोटं आली, मग पंजा,
आणि ढिली पडलेली दोरी
आमच्या तळव्यांतून सरसर भाजत गेली,
थांबली.
तिकडून कुणीतरी धरली होती.

ओढून काढला तो आमच्याच वयाचा निघाला.
पाणी ओकला, रडला,
म्हणाला, बापाला सांगू नका.
दासूमामा वरच्या घाटावरून धापा टाकत आला.
काहीच बोलला नाही.
पोराचं मनगट धरून बसला
ते त्याची आई येऊन उभी राहिली तरी सोडेना.
शेवटी तिनंच एकेक बोट सोडवलं.

रात्री आईनं तळव्याला हळद लावली.
दिवा मालवला तर नदीकडून ट्रॅक्टर ऐकू आले,
आमच्या ट्यूबांसारख्याच ट्यूबांवर चालणारे,
पात्रात उतरणारे.
मी अंथरुणातूनच मोजत राहिले:
एक मारुतीच्या अंगाला, दोन पुलाखाली,
तिसरा कुठं, नीट कळंना.
रविवारी बांबू कुठं रोवायचे
ते ठरवायचं होतं.